फळ्यांखालचे हिशेबनीस

थोरा खेकड्यांच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसायची.
वीस वर्षं. क्रेटमागे पन्नास ग्रॅमची चूक नाही.
वेस्ट्रे बेटावर कुणाच्या बोटीनं काय आणलं
हे लोक धक्क्यावर न जाता तिलाच विचारत.

मग डावा पाय गेला.
म्हणजे होता जागेवरच, फक्त ऐकेनासा झाला.
मग एक डोळा, चार आठवडे, धुक्यात.
मग लघवी. मग पुन्हा पाय.
मल्टिपल स्क्लेरोसिस आमच्या तोंडात मावत नाही,
आम्ही नुसतं "ते" म्हणतो. ते आलं. ते ओसरलं.
भरती-ओहोटीचं वेळापत्रक दुकानात छापील मिळतं,
त्याचं मिळत नाही.

पण त्या नोव्हेंबरात, दुपारी साडेतीनलाच अंधारून आलेलं,
बटाटे सोलता सोलता ती म्हणाली,
फळ्यांखाली तिघं बसलेत. माझे हिशेब तपासतायत.
अठ्ठ्याण्णव सालचा एक क्रेट कमी भरतोय म्हणे.

मी हसलो.
तिनं सुरी खाली ठेवली, ओठांवर बोट:
हळू. लिहून घेतात.

जमिनीवर मीठ पसरायची, पावलं उमटावीत म्हणून.
भिंतीच्या कागदावर पेन्सिलीनं आकडे,
पहाटेपर्यंत, एका पायावर तोल सांभाळत.
एकदा मी बोटीवरून आलो तर दारातच म्हणाली,
तू मॅन्सी नाहीस.
हात त्याचेच आणलेस, पण बूट उजवीकडे काढतोस.
सव्वीस वर्षं मी बूट कुठे काढतो, मला माहीत नव्हतं.
त्या दिवसापासून एक डावीकडे, एक उजवीकडे.

शेजारची मेरन म्हणाली, आजारानं खचलीय, बोलतं ठेव.
नर्सनं फोनवर विचारलं, किती दिवस झाले?
चार, म्हणालो.
एकोणीस झाले होते.

छोट्या विमानानं अॅबर्डीनला नेलं.
तिनं वैमानिकाला सगळ्या प्रवाशांची वजनं सांगितली.
त्यानं मान डोलावली. बहुधा बरोबरच असतील.

डॉक्टर पेट्राकिस यांनी मेंदूचं चित्र उजेडात धरलं.
पांढरे ठिपके. आमच्या दगडी बांधावर
समुद्राच्या बाजूनं दगडफूल धरतं, तसे.
बाई म्हणाल्या, हे तेच आहे, फक्त नव्या जागी.
किंवा उन्हाळ्यात दिलेल्या स्टेरॉइडनं असेल.
किंवा दोन्ही. आज नक्की सांगता येणार नाही.

मी विचारलं, म्हणजे वेड लागलंय तिला?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
पाय गेला तेव्हा तुम्ही पायाला काय म्हणालात?

शिव्या दिल्या होत्या, खरं सांगायचं तर.
पण तेवढ्यात माझे खांदे खाली आले.
अकरा वर्षांत पहिल्यांदा मला "ते" ओळखीचं वाटलं,
चोर निघाला तरी घरचाच, तसं काहीतरी.

गोळ्यांनी तिघांचे दोघं झाले.
मग एकच उरला, जरा तोतरा,
तो बरेच दिवस गेला नाही.
फेब्रुवारीत तिनं मला नावानं हाक मारली
आणि विचारलं, हे बूट असे का रे?
मी म्हणालो, सवय.
भिंतीवरचे आकडे मी पुसले नाहीत. तिनंही नाही.

काल रात्री, दिवा मालवल्यावर, अगदी साध्या आवाजात:
तो क्रेट सापडला का रे त्यांना?

डॉक्टरांनी सांगितलंय, हो ला हो करू नका, वादही घालू नका.
या दोन्हींच्या मधे जागा किती अरुंद आहे
हे त्यांनी सांगितलं नव्हतं.
मी उठलो. गार फळीला कान लावला.
फ्रीजची घरघर. त्याखाली वारा. त्याखाली समुद्र, नेहमीचा.

सापडला, म्हणालो.
किती भरला?
चौतीस किलो दोनशे.

दोनशे पन्नास, ती म्हणाली,
आणि कूस बदलून झोपली.